जुने मराठी पुस्तक आंतरजालावर वाचनीय कसे करावे : विद्यार्थी स्वयंसेवकांसाठी मार्गदर्शन

काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयातील एका दृष्टिहीन विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, पुस्तक नेटवर आहे, पण ते बोलत का नाही?" त्याला हवे असलेले शंभरएक वर्षांपूर्वीचे निबंधांचे पुस्तक एका संग्रहस्थळावर विनामूल्य उपलब्ध होते आणि त्याने ते उतरवूनही घेतले होते. परंतु त्या पीडीएफमध्ये होती ती केवळ पानांची छायाचित्रे. त्याच्या संगणकावर एनव्हीडीए हा विनामूल्य मिळणारा स्क्रीन रीडर होता. तो अक्षरे वाचून दाखवतो, छायाचित्र त्याच्या दृष्टीने कोरे असते. शोधयंत्राचेही तसेच आहे. त्या पुस्तकातील एखादे वाक्य तुम्ही गूगलवर शोधले, तर ते सापडणार नाही, कारण यंत्राच्या लेखी त्या पानावर वाक्यच नाही. म्हणजे पुस्तक आंतरजालावर पोहोचले होते, पण त्यातली माहिती अजून कपाटातच होती.

छायाचित्रातील मजकूर खऱ्या अक्षरांत आणण्याचे काम विद्यार्थी स्वयंसेवकांना करता येते आणि त्यासाठी विकिस्रोत हे मुक्त पुस्तकांचे संकेतस्थळ उत्तम ठिकाण आहे. ते काम कसे करावे, कोठे चुका होतात आणि महाविद्यालयाने त्याची व्यवस्था कशी लावावी, हे येथे सविस्तर सांगत आहे.

राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, ३७ विद्यापीठांतील ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन सुरू झाली. त्या काळापासून विद्यार्थ्यांची सेवा म्हटली की दत्तक गाव, सात दिवसांचे शिबिर, हातात कुदळ-फावडे आणि संध्याकाळी प्रबोधनाचा कार्यक्रम, असे चित्र डोळ्यांपुढे येते. त्या कामाचे मोल आजही कमी झालेले नाही आणि त्याला पर्याय म्हणून मी हे सुचवत नाही. मात्र त्या सेवेसाठी सर्वांनी एका वेळी एका ठिकाणी जमावे लागते. शिबिराला जाण्याची घरून परवानगी न मिळालेली मुलगी, कॉलेज सुटल्यावर दुकानात उभा राहणारा मुलगा, रोज एसटीने तीस किलोमीटर ये-जा करणारा विद्यार्थी यांची इच्छा असूनही त्यांचे नाव हजेरीपत्रकावर फारसे येत नसे. आंतरजालाने सेवेचे मापच बदलले आहे. आता एक पान आणि वीस मिनिटे एवढ्यावरही सेवा होऊ शकते, आणि ते पान घरातल्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बसूनही तपासता येते.

विकिस्रोतावर काम कसे चालते

विकिपीडियावर स्वयंसेवक स्वतः लेख रचतात, त्यासाठी विषयाची जाण आणि संदर्भ लागतात. २००३ मध्ये सुरू झालेला विकिस्रोत हा त्याचाच भावंड-प्रकल्प असला, तरी तेथे आपण नवे काही लिहीत नाही. आधी छापलेले आणि स्वामित्वहक्कातून मुक्त झालेले पुस्तक जसेच्या तसे अक्षरांत उतरवणे, एवढेच तेथील काम आहे. पडद्यावर एका बाजूला मूळ छापील पानाचे चित्र असते आणि दुसऱ्या बाजूला त्याच पानाचा मजकूर असतो. दोन्ही ताडून पाहायचे, मजकूर दुरुस्त करायचा आणि जतन करायचा. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यालाही हे जमते, पण घाई करणाऱ्या प्राध्यापकाला जमत नाही, असा माझा अनुभव आहे.

पुस्तक निवडताना

सर्वांत जास्त काळजी येथे घ्यावी, कारण पुस्तकच चुकीचे निवडले गेले, तर मुलांनी केलेले महिन्याभराचे काम एका दिवसात काढून टाकले जाऊ शकते.

भारतीय स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ नुसार लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्यावरील हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो, आणि ही ६० वर्षे मृत्यूच्या पुढील वर्षाच्या १ जानेवारीपासून मोजली जातात. साने गुरुजींचे निधन ११ जून १९५० रोजी झाले. म्हणून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेली पुस्तके भारतात १ जानेवारी २०११ पासून मुक्त झाली. मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या किंवा लेखकाचे नाव नसलेल्या पुस्तकांसाठी मात्र ६० वर्षे प्रकाशनापासून मोजतात. येथे आणखी एक गाठ आहे. पुस्तकाची फाइल ज्या विकिमीडिया कॉमन्स या सामायिक भांडारात चढवली जाते, तेथील नियमानुसार ते साहित्य मूळ देशाबरोबरच अमेरिकेतही मुक्त असावे लागते. तेथील हिशेब वेगळा आणि किचकट आहे. म्हणून नवख्या गटाने सुरुवातीला १९४० पर्यंत निधन झालेल्या लेखकांची, त्यांच्या हयातीत छापलेली पुस्तकेच घ्यावीत, असा माझा आग्रह असतो. महात्मा फुले (निधन १८९०), आगरकर (१८९५), हरि नारायण आपटे (१९१९), लोकमान्य टिळक (१९२०), इतिहासाचार्य राजवाडे (१९२६), ज्ञानकोशकार केतकर (१९३७) ही नावे डोळ्यांपुढे ठेवली, तरी कामाची किती मोठी रास पडली आहे, ते लक्षात येईल.

लेखक मुक्त झाला, म्हणजे हातातली प्रत मुक्त झाली, असे समजू नये. १९७५ साली निघालेल्या आवृत्तीला एखाद्या संपादकाची पन्नास पानांची प्रस्तावना असते, तळटीपा असतात, मुखपृष्ठावर चित्रकाराचे चित्र असते. या प्रत्येकाचा हक्क स्वतंत्र असतो. अनुवादित पुस्तकात तर मूळ लेखक आणि अनुवादक या दोघांच्याही मृत्यूची वर्षे पाहावी लागतात. शक्यतो लेखकाच्या हयातीतील जुनीच आवृत्ती शोधावी. याशिवाय, एखादी शासकीय संस्था आपल्या संकेतस्थळावर पुस्तक विनामूल्य उतरवू देते, याचा अर्थ ते स्वामित्वहक्कातून मुक्त आहे असा होत नाही. फुकट आणि मुक्त या दोन शब्दांतील फरक पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहून समजावून सांगावा.

हक्क शिल्लक असलेले पुस्तक एखाद्या दृष्टिहीन विद्यार्थ्याला अभ्यासासाठी हवे असेल, तर त्याचा मार्ग वेगळा आहे. २०१२ च्या दुरुस्तीने अशा व्यक्तींसाठी सुलभ स्वरूपातील प्रत तयार करण्याची मुभा कायद्यात आणली आणि सुगम्य पुस्तकालय हे त्यासाठीचे ऑनलाइन ग्रंथालयही आहे. मात्र अशी प्रत सर्वांसाठी खुल्या आंतरजालावर ठेवायची नसते.

स्कॅन करायचे असेल तर

आधी ते पुस्तक इंटरनेट आर्काइव्हसारख्या संग्रहस्थळावर आहे का, ते पाहावे. अनेकदा असते. नाव देवनागरीत शोधून न सापडल्यास रोमन लिपीतील दोन-तीन वेगवेगळ्या वर्णलेखनांनी शोधावे, कारण अशा ठिकाणी पुस्तकांची नावे मनाला येतील तशी लिहिलेली असतात.

नसेल, तर तालुक्याच्या किंवा गावाच्या सार्वजनिक वाचनालयात जावे. ग्रंथपालांना आपण काय करणार आहोत हे सांगून लेखी परवानगी घ्यावी, आणि जीर्ण पुस्तक वाचनालयाच्या बाहेर नेऊ नये. पुस्तक काचेवर दाबून सपाट करण्याच्या प्रयत्नात शिवण उसवते. त्याऐवजी खिडकीच्या उजेडात, ऊन थेट पडणार नाही अशा टेबलावर, पुस्तक अर्धवट उघडे ठेवून आधी सगळी उजवीकडची आणि मग सगळी डावीकडची पाने टिपावीत. कागद पातळ असेल आणि मागची अक्षरे पुढे उमटत असतील, तर पानामागे काळा कागद सरकवावा. अक्षरे लगेच स्वच्छ दिसतात. मुखपृष्ठ, आवृत्तीची व मुद्रणालयाची माहिती असलेले पान आणि मधली कोरी पानेही सोडू नयेत. फाइल चढवण्यापूर्वी एकाने पानांचे आकडे पहिल्यापासून शेवटपर्यंत मोजून पाहावेत. ४७ नंतर थेट ५० आले, हे निम्मे पुस्तक तपासून झाल्यावर कळले, तर पुढची सगळी पाने सरकवत बसावे लागते.

खाते उघडणे आणि कार्यशाळेचा दिवस

प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतःचे खाते उघडावे. महाविद्यालयाच्या नावाने एकच खाते काढून ते तीस जणांनी वापरणे विकिमीडियाच्या, म्हणजे विकिपीडिया व विकिस्रोत चालवणाऱ्या संस्थेच्या, नियमांत बसत नाही. सदस्यनामासाठी खरे नाव देणे बंधनकारक नाही, आणि विशेषतः मुलींना मी टोपणनाव घेण्यास सुचवतो, कारण प्रत्येक संपादनापुढे ते नाव कायमचे आणि सर्वांना दिसते. ईमेल मात्र जोडावा, नाहीतर पासवर्ड विसरल्यास खाते परत मिळत नाही.

आमच्या पहिल्या कार्यशाळेत चाळीस मुले संगणक प्रयोगशाळेत बसली, सहा जणांची खाती उघडली आणि सातव्यापासून सर्वांना नकार येऊ लागला. एका जोडणीवरून एका दिवसात सहाच खाती उघडता येतात, हे आम्हाला ठाऊक नव्हते. सकाळचे दोन तास त्यात गेले. तेव्हापासून मुलांनी आदल्या दिवशी घरी, आपापल्या मोबाइलच्या डेटावरून खाती उघडून यायचे, असा आम्ही नियम केला. मोठ्या कार्यशाळेसाठी काही दिवस आधी अर्ज करून ही मर्यादा तात्पुरती शिथिल करून घेता येते, तोही मार्ग आहे.

टंकलेखनाची चिंता करू नये. मोबाइलवर मुले मराठी लिहितातच. संगणकावर इनस्क्रिप्ट हा देवनागरी कळफलक येत नसेल, तर विकिस्रोताच्या लेखनचौकटीतच रोमन अक्षरांवरून देवनागरी उमटवणारी सोय आहे. जुन्या पुस्तकांत वारंवार येणारी तीन-चार अक्षरे तेवढी आधी गिरवून घ्यावीत. 'तऱ्हा' आणि 'सुऱ्या' यांतील अर्धा र, 'ॲ', 'ऑ' आणि अवग्रह ही ती अक्षरे. पहिल्या आठवड्यात निम्मी मुले याच अक्षरांपाशी अडतात.

पान तपासताना

पान उघडल्यावर बहुधा ओसीआरने, म्हणजे यंत्राने चित्र पाहून ओळखलेला मजकूर समोर येतो. तो नसेल, तर संपादनपट्टीवरील ओसीआरचे बटण दाबून मिळवता येतो. हा मजकूर पाहिल्यावर सगळे बरोबर असल्याचा भास होतो आणि येथेच फसगत होते.

देवनागरी ओळखताना यंत्राच्या चुका ठरावीक जागी होतात. भ आणि म, घ आणि ध, ब आणि व, थ आणि य, प आणि ष ही जोडपी तोंडपाठ असावीत. झिजलेल्या खिळ्यांनी छापलेल्या पानावर 'भ'ची गाठ पुसट झालेली असते, मग 'भाकर'ची 'माकर' होते. अशी चूक पकडणे सोपे आहे, कारण माकर हा शब्दच नाही. अवघड चुका वेगळ्या असतात. 'बारा वाजता निघालो' याचे 'वारा वाजता निघालो' होते. 'त्याला भान राहिले नाही' याचे 'त्याला मान राहिले नाही' होते. 'घर' हे 'धर' होते. चुकलेला शब्दही मराठीच असल्यामुळे भरभर वाचणारा डोळा त्यावरून निसटून जातो, आणि शब्दतपासणीचे साधनही त्याला लाल रेघ देत नाही. 'ख' फुटून 'रव' होणे, रफार गळणे, अनुस्वाराचा ठिपका कागदावरचा डाग समजून वगळला जाणे, किंवा उलट डागाचाच अनुस्वार होणे, हेही नेहमीचे. देवनागरी आकड्यांत १ आणि ९ यांची अदलाबदल होते, आणि इतिहासाच्या पुस्तकात ती अक्षम्य ठरते. सनावळ्या प्रत्येक वेळी मूळ चित्र मोठे करून पाहाव्यात.

म्हणून वाचण्याची पद्धत बदलावी लागते. आधी मूळ चित्रातील चार-पाच शब्द वाचावेत, मग मजकुरातले तेवढेच शब्द पाहावेत, आणि असे ओळीओळीने खाली यावे. मजकूर आधी वाचला, की आपले मन अर्थ लावून मोकळे होते आणि मग चित्रात तेच दिसू लागते. दोघे एकत्र बसणार असतील, तर एकाने मूळ पान मोठ्याने वाचावे आणि दुसऱ्याने मजकुरावर बोट फिरवावे. छापखान्यांतील मुद्रितशोधकांची ही जुनी रीत आहे आणि तिच्याइतकी भरवशाची दुसरी रीत मला सापडलेली नाही.

आता जुन्या लेखनाविषयी. मराठी विद्यार्थ्यांकडून सर्वाधिक नुकसान येथे होते, आणि तेही चांगल्या हेतूने होते. जुन्या पुस्तकात 'कांहीं', 'नाहीं', 'घरांत', 'मुलांनीं' असे अनुस्वार ठायीठायी असतात. आपल्या शाळेत शिकवले जाणारे लेखननियम १९६२ साली शासनाने मान्य केलेल्या मराठी साहित्य महामंडळाच्या चौदा नियमांवर आणि १९७२ साली त्यांत भर पडलेल्या चार नियमांवर आधारलेले आहेत. त्यांच्या आधीच्या पुस्तकाला ते लागू करणे चूक आहे. व्याकरणात हुशार असलेली मुलगी पानावरचे चाळीस अनुस्वार 'सुधारून' आनंदाने दाखवायला येते, तेव्हा तिला समजावणे जड जाते. पण समजवावे लागते. ते अनुस्वार त्या काळच्या लेखनाचा पुरावा आहेत, आणि भाषेचा इतिहास अभ्यासणारा माणूस उद्या तेच शोधत येणार आहे. सावरकरांनी पुरस्कारलेल्या लिपिसुधारणेनुसार छापलेल्या पुस्तकात 'अितिहास' आणि 'अुपयोग' असे शब्द आढळतील. तेही तसेच ठेवावेत. मूळ छपाईतच उघड चूक असेल, तर ती तशीच ठेवून त्या पानाच्या चर्चापानावर, म्हणजे त्याला जोडलेल्या चर्चेच्या पानावर, नोंद करावी.

मांडणीचे नियम थोडे आहेत. छापील ओळ जेथे संपते तेथे आपण ओळ तोडायची नसते. परिच्छेद सलग ठेवावा आणि दोन परिच्छेदांमध्ये एक ओळ रिकामी सोडावी. ओळीच्या शेवटी आडव्या रेघेने तोडलेला शब्द जोडून घ्यावा. पानाच्या माथ्यावरील प्रकरणाचे नाव व पृष्ठांक मुख्य मजकुरात न ठेवता शीर्षाच्या स्वतंत्र चौकटीत टाकावेत, नाहीतर पुढे सगळी पाने जोडून सलग प्रकरण तयार होते तेव्हा वाक्याच्या मधोमध '५४ निबंधसंग्रह' असे काहीतरी येते. स्क्रीन रीडरवर ऐकणाऱ्याला याचा फार त्रास होतो. तळटीपा, मधोमध असलेली शीर्षके आणि कविता यांसाठी ठरलेले साचे, म्हणजे तयार मांडणी-संकेत, आहेत. ते शिकण्याचा सोपा मार्ग म्हणजे आधी पूर्ण झालेल्या पुस्तकाचे एखादे पान संपादनासाठी उघडून, जतन न करता, आतली रचना पाहणे.

अलीकडे मुले यंत्राचा मजकूर एखाद्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनात टाकून 'शुद्ध करून दे' म्हणतात आणि आलेले उत्तर थेट चिकटवतात. हे करू नये. ते साधन 'माकर'ची 'भाकर' नक्की करील. परंतु त्याच वेळी 'कांहीं'चे 'काही' करील, अडलेल्या ठिकाणी लेखकाने न लिहिलेला पण अर्थाला जुळणारा शब्द घालील, आणि कोठे काय बदलले ते सांगणार नाही. ओसीआरची चूक ओबडधोबड असते, म्हणून सापडते. या चुका इतक्या सफाईदार असतात की, मूळ पानाशी शब्दन् शब्द ताडल्याशिवाय त्या दिसत नाहीत. आणि तसे ताडायचेच असेल, तर मधला टप्पा कशासाठी?

दुसरी नजर

प्रत्येक पानाची स्थिती रंगाने दाखवली जाते. लाल म्हणजे तपासलेले नाही. एका सदस्याने पूर्ण तपासले की त्याने ते पिवळे करावे. त्यानंतर दुसऱ्या सदस्याने पुन्हा मुळाशी ताडून पाहिले की ते हिरवे होते. एकाच सदस्याला आपले पिवळे पान स्वतः हिरवे करता येत नाही, प्रणालीच ते करू देत नाही. कोऱ्या पानासाठी करडा रंग आहे, आणि फाटलेले, पुसट किंवा गुंतागुंतीचे तक्ते असलेले पान निळसर जांभळ्या रंगाखाली ठेवून पुढे जावे. अडलेले पान जांभळे करण्यात कमीपणा नाही. न वाचता येणारा शब्द अंदाजाने भरणे हे मात्र वाचकाला फसवणे आहे.

म्हणून मी मुलांच्या जोड्या लावतो, पण एकमेकांची पाने दोघांनी लागोपाठ हिरवी करायची नाहीत, असेही सांगतो. मैत्रिणीचे पान आहे, तिने नीट पाहिलेच असेल, या विश्वासाने हिरवा रंग लवकर दिला जातो. आठवड्याच्या अखेरीस वेगळ्याच जोडीकडे पाने सोपवली, की चुका सापडतात. सुरुवातीला तपासलेल्या पिवळ्या पानांत प्रत्येकी तीन-चार चुका निघाल्या, तर खचून जाऊ नये. तशा त्या माझ्याही पानांत निघाल्या आहेत.

वेळेचा हिशेब आणि नोंद

सुमारे अडीचशे-तीनशे शब्दांच्या पानाला नवख्याला अर्धा तास लागतो. हात बसल्यावर पंधरा मिनिटे पुरतात. दोनशे पानांच्या पुस्तकाला पहिल्या तपासणीचे ५० तास आणि दुसरीला पानामागे दहा मिनिटे धरली तर सुमारे ३३ तास लागतील. दहा जणांच्या गटाला प्रत्येकी आठ-नऊ तासांचे हे काम आहे. मराठी भाषा पंधरवडा १४ ते २८ जानेवारी असा साजरा होतो. त्यात सुरुवात करून २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनाला पूर्ण पुस्तक वाचकांपुढे ठेवणे सहज शक्य आहे. निबंध आणि घोषवाक्य स्पर्धांपेक्षा भाषेची ती अधिक खरी सेवा होईल, असे मला मनापासून वाटते.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकाला वर्षाला १२० तासांचे काम अपेक्षित असते. त्यात हे तास धरायचे असतील, तर कार्यक्रम अधिकाऱ्यांशी आधीच बोलून, लेखी आराखडा देऊन संमती घ्यावी. काम झाल्यावर मागणे योग्य नव्हे. नोंदीसाठी वेगळे पुरावे लागत नाहीत. प्रत्येक सदस्याच्या योगदानाच्या यादीत कोणते पान, कोणत्या दिवशी, किती वाजता बदलले, हे आपोआप नोंदले जाते आणि कोणालाही पाहता येते. छायाचित्रांच्या अल्बमपेक्षा ही नोंद अधिक प्रामाणिक आहे.

परंतु तिचाही गैरवापर होतो. एका वर्षी सर्वाधिक संपादने करणाऱ्याला बक्षीस देण्याची चूक मी केली. दोन दिवसांत दीडशे पाने पिवळी झाली आणि ती जवळजवळ सगळी न वाचता केलेली होती. विकिस्रोतावर वर्षानुवर्षे काम करणाऱ्या अनुभवी सदस्यांना ती पुन्हा लाल करत बसावे लागले. त्या लोकांना कोणीही मानधन देत नाही. त्यांचा वेळ वाया घालवल्याबद्दल आम्ही त्यांची लेखी क्षमा मागितली. आता आम्ही फक्त हिरवी झालेली पाने मोजतो, आणि हिरव्या पानाचे श्रेय दोघांनाही सारखे देतो.

वाचकापुढे ठेवण्याआधी

पाने हिरवी झाली की ती प्रकरणवार जोडून सलग पुस्तक तयार करायचे असते, आणि लेखकाच्या पानावरून व विकिपीडियावरील संबंधित लेखावरून त्याला दुवा द्यायचा असतो. पहिल्या पुस्तकाच्या वेळी हे काम अनुभवी सदस्याच्या मदतीने करावे. चावडीवर, म्हणजे विकिस्रोतावरील सामायिक चर्चेच्या पानावर, किंवा त्यांच्या चर्चापानावर मराठीत नम्रपणे विचारले, तर मदत मिळते.

त्यानंतर एक तपासणी आम्ही न चुकता करतो. प्रारंभी ज्याचा उल्लेख केला, तो विद्यार्थी आता पदव्युत्तर वर्गात आहे आणि आमच्या प्रत्येक पुस्तकाचा तो पहिला श्रोता आहे. स्क्रीन रीडरवर एकेक प्रकरण लावून तो ऐकतो, आणि आवाज जेथे अडखळला किंवा अर्थ जेथे तुटला, तेथला शब्द आणि आधीचे दोन शब्द मोबाइलवर बोलून पाठवतो. मागच्या पुस्तकात, दोघींनी तपासून हिरव्या केलेल्या पानांतून, त्याने अकरा जागा काढल्या. त्यांतील नऊ ठिकाणी आमची चूक होती. उरलेल्या दोन ठिकाणी आम्ही मूळ पान मोठे करून पुन्हा पाहिले. तेथे लेखकाने तसेच लिहिले होते, म्हणून ते तसेच ठेवले आणि चर्चापानावर नोंद केली.